ॲल्युमिनियमचा उघडा पत्रा: पहिल्या धुण्यापासून प्रायमरपर्यंत

लोखंडी पत्रा रंगवायची सवय असलेल्याला ॲल्युमिनियमचा पत्रा सुरुवातीला सोपाच वाटतो. तांबडा गंज नाही, वजन हलकं, जरा पेपर (सँडपेपर) मारला की लखलखीत. रंगही नीट बसतो आणि काही महिने देखणा दिसतो. मग कधीतरी दाराच्या खालच्या कडेला, बिजागरीपाशी किंवा खडी लागून टवका उडालेल्या जागी रंग फुगतो. नखाने उचलला तर अख्खा पापुद्रा हातात येतो आणि खाली पांढरी भुकटी दिसते. अशा वेळी रंगाच्या डब्याला दोष देऊन मोकळं होता येतं, पण बहुतेकदा चूक त्याच्या आधीच झालेली असते. धातू आणि प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) यांच्या मधोमध काहीतरी राहून गेलेलं असतं: तेलाचा पुसट थर, जुनं ऑक्साइड, लोखंडाचे बारीक कण किंवा नुसता ओलावा. म्हणून पुढच्या सगळ्या कामात लक्ष प्रायमरच्या ब्रँडपेक्षा त्या मधल्या जागेवर ठेवायचं आहे.

हा धातू असा का वागतो

ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर लगेच तयार होतो. ताजा असताना तो अवघा काही नॅनोमीटर जाडीचा, कडक आणि घट्ट चिकटलेला असतो, आणि आतल्या धातूचं रक्षणही तोच करतो. पेपर मारून तो कायमचा घालवता येतो, हा गैरसमज आहे. पेपर उचलताच नवा थर धरायला लागतो. आपल्याला हवा असतो तो हा नवा, पातळ आणि स्वच्छ थर. नको असतो तो जुना, ज्याने कित्येक महिने दमट हवा प्यायलेली असते. हा जुना थर जाड, ओलसर आणि ठिसूळ झालेला असतो, शिवाय त्यात हवेतली घाण आणि हातांचं तेल मुरलेलं असतं. प्रायमर त्याला घट्ट धरतो, पण तो थर स्वतःच सुटून येतो.

दुसरी गोष्ट लोखंडाची. ॲल्युमिनियमला लोखंड चिकटलं आणि त्यावर खारट ओलावा आला की दोघांची विद्युत-रासायनिक जोडी जमते. या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. लोखंडावर घासलेला पेपर किंवा तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवला, की लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण रंगाखाली त्यांचं काम चालूच राहतं. रंगाला कडेला किंवा टवक्यापाशी वाट मिळाली आणि हवेत मीठ आणि दमटपणा असला, तर रंगाखाली दोऱ्यासारख्या बारीक, वेड्यावाकड्या रेषा पुढे सरकत जातात. असा तंतूसारखा गंज ॲल्युमिनियमच्या बॉडीवर नेहमी दिसतो, आणि तो बहुधा कडेपासून सुरू होतो. कडांचा विषय पुढे वारंवार येईल, तो यासाठीच.

आधी पत्रा कोणता आहे ते ओळखा

१९४८ च्या पहिल्या लँड रोव्हरपासून १९९० ची होंडा एनएसएक्स, १९९४ ची ऑडी ए८ आणि २०१५ च्या मॉडेलची फोर्ड एफ-१५० पर्यंत ॲल्युमिनियमच्या बॉडी बऱ्याच झाल्या. शिवाय बाकी गाडी लोखंडाची आणि फक्त बोनेट किंवा डिकी ॲल्युमिनियमची, असंही सर्रास असतं. लोहचुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर पत्रा ॲल्युमिनियमचा असेल किंवा प्लॅस्टिक-फायबरचा. वाजवून आणि कोपऱ्यात थोडं खरवडून उरलेला प्रश्न सुटतो.

नवा बदली पत्रा काळ्या किंवा राखाडी लेपासकट आला असेल, तर तो घासून काढण्याची घाई करू नका. तो बहुधा कारखान्यातला ई-कोट असतो, म्हणजे विजेच्या साहाय्याने बुडवून चढवलेलं आणि भट्टीत भाजलेलं प्रायमर. वर्कशॉपमध्ये त्याच्या तोडीचं काम होत नाही. लॅकर थिनरमध्ये भिजवलेली चिंधी त्यावर थोडा वेळ दाबून धरा आणि मग चोळा. लेप मऊ पडला किंवा रंग चिंधीला लागला, तर तो नुसता वाहतुकीतला तात्पुरता रंग आहे; तो पूर्ण काढावा लागेल. काहीच झालं नाही, तर ई-कोट तसाच ठेवा, ३२० नंबरच्या पेपरने (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) किंवा स्कफ पॅडने (घासायच्या जाळीदार पॅडने) मंद करा आणि पुढे जा. उघड्या धातूची पुढची सगळी कसरत तेवढ्या भागापुरती वाचली.

ॲल्युमिनियमची हत्यारं वेगळी ठेवा

डिस्क, पेपर, ब्रश, कानस, हातोडी आणि चिंध्यासुद्धा लोखंडाच्या कामापासून वेगळ्या ठेवायच्या. वेगळा डबा करा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पेपर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा किंवा सिलिकॉन कार्बाइडचा चालतो. स्टील वूल अजिबात नको. तारेचा ब्रश लागलाच तर स्टेनलेस स्टीलचा आणि नवाकोरा, ज्याने कधी लोखंडाला हात लावलेला नाही असा.

धुळीचंही तेच. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत दाट पसरली तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. लोखंडाच्या गंजाशी ती मिसळली की थर्माइटचं मिश्रण तयार होतं. रूळ जोडायला हेच वापरतात आणि त्याचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. ज्या व्हॅक्यूममध्ये ग्राइंडरच्या लोखंडी ठिणग्या गेल्या असतील, त्यात ही धूळ ओढू नका.

घासण्याआधी धुवा

क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. तेलकट पत्र्यावर पेपर मारला तर तेल ओरखड्यांच्या तळाशी दाबलं जातं आणि मग ते बाहेर काढणं महाकठीण. म्हणून आधी सौम्य साबणाचं पाणी, मग भरपूर साधं पाणी, मग पत्रा पूर्ण वाळवून वॅक्स-ग्रीस रिमूव्हर. रिमूव्हर दोन कापडांनी वापरायचा. पहिल्या ओल्या कापडाने घाण सैल होते, आणि ती वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलून घ्यायची. एकाच चिंधीने पूर्ण दार पुसलं तर घाण निघत नाही, फक्त सगळीकडे सारखी पसरते. कापडं वारंवार बदला. धुतलेल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या नकोत. त्यांत फॅब्रिक सॉफ्टनर असू शकतो, आणि प्रायमरमध्ये माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात ते अशाच कारणांनी.

कॉस्टिक सोडा किंवा त्यावर बेतलेले जहाल क्लीनर दूरच ठेवा. ते ॲल्युमिनियमला खातात, आणि खाताना हायड्रोजन सोडतात.

जुना रंग आणि पांढरा गंज

रंग काढायचं रसायन वापरणार असाल तर डब्यावर ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं हवं. दुमडलेल्या कडांच्या आत रसायन जाऊ देऊ नका. काठापासून दोन बोटं आधी थांबा आणि उरलेला भाग हाताने घासा. आत अडकलेलं रसायन काही महिन्यांनी नव्या रंगाखालून बाहेर येतं.

मशीनने काढायचं तर ८० नंबरची डिस्क, कमी वेग आणि हलका हात. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. एकाच जागी मशीन धरून ठेवलं तर पत्रा फुगतो आणि थंड झाल्यावर तो पूर्वीसारखा होत नाही. हात लावून बघत राहा. चटका बसण्याइतका तापला म्हणजे उशीर झालाच. वाळूचं ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कण मारून घासणं) बाहेरच्या पत्र्यावर नकोच, पातळ पत्रा त्याने वाकतो. करायचंच असेल तर प्लॅस्टिकच्या कणांचं. खाण्याच्या सोड्याच्या ब्लास्टिंगने धातूला इजा होत नाही हे खरं, पण मागे राहिलेलं क्षारीय पावडर नीट धुतलं गेलं नाही तर प्रायमर धरत नाही, आणि ते सगळ्या खाचांतून धुणं फार किचकट आहे.

पांढऱ्या भुकटीच्या जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. खड्ड्यांच्या तळाशी करडे ठिपके उरले तर तिथे फॉस्फोरिक ॲसिडवर बेतलेला ॲल्युमिनियम क्लीनर चालतो. लेबलवर सांगितलं असेल तेवढंच पाणी घालून पातळ करा, काही मिनिटं ओला ठेवा, वाळू देऊ नका, आणि मग पाण्याने मनसोक्त धुवा. जोडांच्या आसपास ॲसिड वापरू नका, कारण तिथून ते कधीच पूर्ण धुतलं जात नाही.

पेपर किती नंबरचा

लोखंडावर ८० नंबर मारून थेट प्रायमर मारणारे बरेच आहेत. ॲल्युमिनियम मऊ आहे. त्याच पेपरने त्यात खोल चर पडतात आणि प्रायमर हळूहळू आकसला की ते वरच्या रंगातून दिसायला लागतात. ८० नंबर रंग काढण्यापुरता आणि पुट्टीच्या जागेपुरता ठेवा. त्यानंतर १२० आणि शेवटी १८०, डबल ॲक्शन सँडरवर (फिरता-फिरता डोलणाऱ्या घासायच्या मशीनवर). इपॉक्सी प्रायमरखाली १८० ची पकड उत्तम. एच प्रायमर (धातूला ॲसिडने किंचित चावणारा; दोन्हींबद्दल पुढे येईल) फार पातळ असतो, म्हणून त्याच्याखाली २४० पर्यंत जा. पेपरात धातू लवकर भरतो आणि मग तो कापत नाही, नुसता रगडतो. पैसे वाचवायची जागा ही नव्हे. पेपर सढळ हाताने बदला.

कोपरे, नक्षीच्या रेषा आणि आतले वाकडे भाग तांबड्या स्कफ पॅडने हाताने करा. चमकणारा एकही ठिपका राहायला नको, सगळीकडे सारखी मंद छटा दिसली पाहिजे. आता कडा: कापलेल्या पत्र्याच्या धारदार काठावरून ओला रंग मागे सरकतो आणि नेमका तिथे थर सगळ्यात पातळ राहतो. १८० चा पेपर बोटाभोवती गुंडाळून प्रत्येक धार किंचित गोल करा. वेळ खाणारं आणि कंटाळवाणं काम आहे, पण रंग किती वर्षं टिकेल हे यावर फार अवलंबून असतं.

पाण्याची परीक्षा

पेपर झाला की धूळ हवेने उडवा, पुन्हा रिमूव्हरने दोन कापडांनी पुसा, आणि मग फुकटातली एक चाचणी करा. पत्र्यावर स्वच्छ पाणी, शक्यतो डिस्टिल्ड, सोडा. धातू खरोखर स्वच्छ असेल तर पाण्याचा सलग पडदा साधारण अर्धा मिनिट तसाच टिकतो. कुठे पडदा फाटून थेंब झाले, तर त्या जागी तेल आहे, पुन्हा पुसा. यात एक फसवणूक आहे. पत्र्यावर साबणाचा अंश राहिला असेल तरी पाणी छान पसरतं. त्यामुळे चाचणीआधी साबण पूर्ण निघालेला असायला हवा.

नंतर पत्रा कोरडा करा. जोडांतलं पाणी हवेने बाहेर काढा, कोमट हवा फिरवा. कॉम्प्रेसरला तेल-पाण्याचा ट्रॅप नसेल तर आतापर्यंत पुसलेलं सगळं तेल तुम्ही स्वतःच परत फवारत आहात. इथून पुढे हातमोज्यांशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही.

आणि घड्याळाकडे बघा. पेपर संपल्यापासून प्रायमर सुरू होईपर्यंतचा वेळ जितका कमी तितकं चांगलं. मी एक-दोन तासांपलीकडे जाऊ देत नाही. पत्रा रात्रभर उघडा राहिला तर सकाळी हलका पेपर आणि पुसणं पुन्हा करायचं. म्हणूनच एका वेळी तेवढेच भाग घासा, जेवढे त्याच दिवशी प्रायमरखाली जातील.

तीन वाटा, त्यातली एकच धरा

पहिली वाट इपॉक्सी प्रायमरची. दोन भागांचं, थेट धातूवर चालणारं, ओलावा अडवणारं आणि वर पुट्टीही चालणारं. दुसरी एच प्रायमरची, ज्याला वॉश प्रायमरही म्हणतात. त्यात सहसा पॉलिव्हिनाइल ब्युटिरल हे रेझिन आणि फॉस्फोरिक ॲसिड असतं. ॲसिड धातूला किंचित चावतं आणि पकड तयार करतं. तिसरी कन्व्हर्जन कोटिंगची, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाचंच रासायनिक थरात रूपांतर करायचं आणि त्यावर इपॉक्सी द्यायची. विमानांच्या कामात ही वाट जुनी आहे.

घरच्या किंवा छोट्या वर्कशॉपच्या कामाला माझं मत स्पष्टपणे पहिल्या वाटेला आहे. ताज्या घासलेल्या धातूवर चांगली इपॉक्सी दिली की चुकायच्या जागा कमी उरतात. एच प्रायमर वाईट नाही, पण त्याचा थर ८ ते १२ मायक्रॉनचाच हवा, म्हणजे खालचा धातू त्यातून पुसट दिसत राहिला पाहिजे. जाड दिला तर तो मधूनच फाटतो. त्यावर पॉलिएस्टर पुट्टी बसत नाही. त्याच्या ॲसिडमुळे वर दिलेली इपॉक्सीही नीट जमत नाही, म्हणून कंपनीने लिहून दिलं नसेल तर एचवर इपॉक्सी देऊ नये. त्यावर टू-के सरफेसर (दोन भाग मिसळून द्यायचा, घासून सपाट करता येणारा जाड थर) जातो. ‘दोन्ही दिले म्हणजे दुप्पट पक्कं’ या समजुतीने बिघडलेली कामं कमी नाहीत.

कन्व्हर्जन कोटिंग समुद्रकाठच्या हवेत राहणाऱ्या गाडीला खरोखर उपयोगी पडतं. द्रव सांगितलेला वेळ ओला ठेवायचा आणि मग हलक्या पाण्याने धुवायचं. घासायचं नाही, कारण ओला असताना तो थर नाजूक असतो. जुन्या क्रोमेट प्रकारात सोनेरी छटा येते. पण त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कॅन्सरकारक आहे. त्रिसंयुजी क्रोमियमचे किंवा झिर्कोनियमचे पर्याय मिळतात, ते घ्या.

इपॉक्सी देताना

प्रमाण डब्यावर लिहिलेलं आहे तेच. अंदाजाने हार्डनर (इपॉक्सी घट्ट करणारा दुसरा भाग) वाढवला म्हणून ती लवकर वाळत नाही, उलट कायमची कमकुवत राहते. काही इपॉक्सी मिसळल्यावर थोडा वेळ तशीच ठेवावी लागते, काहींना गरज नसते. तांत्रिक माहितीपत्रकात ते दिलेलं असतं. ते पत्रक छापून भिंतीवर लावा. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली बऱ्याच इपॉक्सींची प्रक्रिया मंदावते. तापमान खोलीचं नव्हे, पत्र्याचं मोजा. पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतला ओलावा दव होऊन बसतो) किमान ३ अंशांनी गरम हवा. नाहीतर डोळ्यांना न दिसणारा दव त्यावर आधीच बसलेला असतो.

टॅक क्लॉथ (धूळ उचलणारं चिकट कापड) अगदी हलक्या हाताने फिरवा, दाबला तर त्याचा चिकटपणा पत्र्यावर उतरतो. स्प्रे गनला १.३ ते १.४ मिलिमीटरचा नोझल, अंतर १५ ते २० सेंटिमीटर, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. आधी कडा, भोकं आणि आतल्या दुमडी, मग मोठा सपाट भाग. पहिला हात मध्यम. माहितीपत्रकातला मधला वेळ जाऊ द्या, मग दुसरा हात भरून द्या. घाईने ओल्यावर ओला थर चढवला तर थिनर आत कोंडतो आणि नंतर बारीक फोड येतात. पत्र्याची मागची बाजू विसरू नका; पाणी बहुतेकदा तिथूनच शिरतं.

तोंडावर साधं कापड बांधून हे काम होत नाही. इपॉक्सी फवारताना सेंद्रिय वाफेची काडतुसं असलेला मास्क आणि नायट्राइल मोजे हवेतच, कारण हार्डनरची एकदा ॲलर्जी झाली की ती जात नाही. पुढच्या टू-के सरफेसरमध्ये आणि क्लिअरमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) आयसोसायनेट ही घातक रसायनं असतात. वास जाणवायच्या आधीच ते फुफ्फुसाला इजा करू शकतात, म्हणून तिथे बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्कच योग्य.

पुट्टी, सीलर आणि सरफेसर

खड्डे भरायचे असतील तर इपॉक्सी घट्ट झाल्यावर १८० ने घासून त्यावर पुट्टी द्या. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती ओल्या पेपरने घासू नका. खाली इपॉक्सी असली की तो ओलावा धातूपर्यंत पोहोचत नाही. पुट्टी घासताना आजूबाजूला धातू उघडा पडतोच. तिथे पुन्हा इपॉक्सी.

जोडांच्या फटी बुजवणारा सीलर इपॉक्सीच्या वर, उघड्या धातूवर नाही. त्यानंतर टू-के सरफेसर, १.६ ते १.८ च्या नोझलने दोन-तीन हात. इपॉक्सीवर पुढचा थर न घासता देण्याची मुदत माहितीपत्रकात असते. ती उलटून गेली तर ३२० ने घासणं भाग आहे. थंड, दमट दिवशी इपॉक्सीवर मेणचट थर आलेला दिसला तर आधी पाण्याने पुसा, मग घासा.

सरफेसर वाळला की गाइड कोटची (उंच-सखल जागा दाखवणाऱ्या वेगळ्या रंगाची) पुसट फवारणी आणि लांब ब्लॉकवर ३२० किंवा ४००. शेवटी रंगाआधी ५०० ते ६००. नक्षीच्या धारांवर आणि कडांवर धातू उघडा पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दहा पैशांएवढी जागा उघडी पडली तरी तिच्यावर थेट रंग मारू नका. तेवढीच जागा पुसून इपॉक्सीचा पातळ हात द्या.

पहिल्यांदा हे सगळं करत असाल तर त्याच ॲल्युमिनियमच्या टाकाऊ तुकड्यावर तेच टप्पे आधी करून बघा. पूर्ण वाळल्यावर ब्लेडने धातूपर्यंत जाणाऱ्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी काढा, चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटकन ओढा. चौकोन निघून आले तर गाडीला गन लावायच्या आधी मागच्या टप्प्यांतला दोष शोधा. प्रायमरच्या खालून धातू स्वच्छ उघडा पडला असेल तर पुसण्यात किंवा पेपरात गडबड आहे. प्रायमर स्वतःच दुभंगला असेल तर जाडीत किंवा मिसळण्यात.

जोडणी करताना ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट लागतातच. मूळचे लेप असलेले बोल्ट वापरा, मधे नायलॉनचे वॉशर घाला. नंतर बॅज किंवा आरसा बसवायला भोक पाडलं, तर त्याच्या आतल्या कडेला ब्रशने इपॉक्सी लावून ती वाळल्यावरच स्क्रू घट्ट करा.